दर माशामागे अर्धी ऊ

नॉर्वेच्या किनाऱ्यावर सॅमन पाळणाऱ्या प्रत्येक केंद्राला एक आकडा पाठ असतो : ०.५. एका माशावर सरासरी अर्ध्याहून जास्त प्रौढ मादी ऊ सापडता कामा नये, असा तिथला नियम आहे. जंगली सॅमनची पिल्लं, म्हणजे स्मोल्ट, नदीतून समुद्राकडे निघतात त्या सहा आठवड्यांत ही मर्यादा ०.२ वर येते. दक्षिणेत वर्षाचा १६ ते २१ वा आठवडा, उत्तरेत नूरलान प्रांतापासून पुढे २१ ते २६ वा. ऐकायला नियम कडक वाटतो. या आकड्यात काय मावतं आणि त्यातून काय निसटतं, ते आज पाहू.

आधी ऊ म्हणजे काय ते. लेपिओफ्थिरस साल्मोनिस हा कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला कवचधारी परजीवी. तो माशाची बुळबुळीत चिकटी, कातडी आणि रक्त खातो. मादी सेंटिमीटरभर लांब, नर साधारण निम्मा. मादीच्या मागून दोन लांब दोरे लोंबतात. त्यांत नाण्यांची चळत लावावी तशी शेकडो अंडी एकामागे एक बसवलेली असतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिल्या दोन अवस्थांत नुसतं तरंगतं. तिसऱ्या अवस्थेत, कोपेपोडिड झाल्यावर, त्याला मासा धरता येतो. तोवर ते काहीच खात नाही, अंड्यातून आणलेल्या शिदोरीवर जगतं, आणि ती संपायच्या आत मासा मिळाला नाही तर मरतं. मासा मिळाला की बारीक तंतूनं चिकटून दोन अवस्था काढतं, मग सुटं होऊन अंगावर फिरू लागतं. पाणी १० अंश सेल्सिअस असेल तर अंड्यापासून प्रौढ मादी व्हायला साधारण ५० दिवस लागतात. पाणी तापलं की हा काळ भराभर आखडतो.

आता हिशोब. नॉर्वेत समुद्रात सोडलेल्या जाळीच्या एका पिंजऱ्यात जास्तीत जास्त २ लाख मासे ठेवता येतात. माशामागे अर्धी ऊ, म्हणजे पिंजऱ्यात १ लाख माद्या. केंद्रावर असे आठ पिंजरे भरलेले असतील तर ८ लाख. प्रत्येक मादीची अंडी २०० च धरा, हा हात आखडूनच धरलेला आकडा आहे. तरी एका खेपेला १६ कोटी पिल्लं पाण्यात जातात, आणि केंद्र नियमात असतं! मादी आयुष्यात अशा अनेक खेपा सोडते. समोरून २० ग्रॅमचा स्मोल्ट येतो. तिथल्या जोखीम-मूल्यांकनात ग्रॅममागे ०.३ पेक्षा जास्त उवा झाल्या की तो पिल्लू-मासा मेला असंच धरतात, म्हणजे सहा-सात उवांत काम संपलं. मर्यादा मोजली जाते माशामागे, पण फियोर्डला, म्हणजे डोंगरांमधल्या त्या अरुंद खाडीला, मिळतो तो एकूण आकडा. माझ्या मते नियमाची खरी गोम इथेच आहे.

आणि तो ०.५ सुद्धा येतो कुठून? मोजणीतून. पाणी ४ अंश किंवा त्याहून गरम असेल तर दर आठवड्याला, त्याखाली असेल तर पंधरवड्याला. एरवी प्रत्येक पिंजऱ्यातले किमान १० मासे, वसंतातल्या त्या आठवड्यांत २०. मासे छोट्या जाळ्यानं एका बाजूला घेरतात, दांड्याच्या हातजाळ्यानं थोडे थोडे उचलतात आणि गुंगीच्या औषधाच्या टबात सोडतात. मासा कलंडला की दोन्ही बाजू, परांच्या मुळाशी, पाठीच्या मागच्या भागावर आणि गुदपराच्या मागे बारकाईनं पाहायचं. मादी तिथे जास्त सापडते. तीन रकाने भरायचे : प्रौढ माद्या, इतर फिरत्या, आणि चिकटलेल्या. चिकटलेली ऊ म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा फिकट ठिपका. डोक्यावरचा दिवा नसेल आणि पाऊस पडत असेल, तर तो रकाना नेहमी कमी भरतो. कॅलिगस इलाँगॅटस नावाची दुसरी ऊ वेगळी नोंदवावी लागते. ती लहान, पिवळसर, आणि तिच्या पुढच्या कडेवर दोन गोल चूषक असतात. मासे परत सोडले की टबातलं पाणी गाळायचं, कारण गुंगीत फिरत्या उवा सुटून पडतात. गाळणं राहिलं तर आकडा आपोआप सुंदर दिसतो.

दुसरी चूक नमुन्यातली. हातजाळ्यात आधी येतात ते पृष्ठभागाजवळ रेंगाळणारे, अशक्त मासे. त्यांच्यावर उवा जास्त असू शकतात, आणि ते पिंजऱ्याचे प्रतिनिधी नव्हेत. म्हणून खोलवरचा कळप घेरून आणावा लागतो. तरीही नशिबाचा भाग उरतो. खरी सरासरी ०.२ असेल तर २० माशांवर चार माद्या अपेक्षित. निव्वळ योगायोगानं दोन किंवा सहाही सापडतील. म्हणजे एकाच पिंजऱ्याचं उत्तर ०.१ येईल किंवा ०.३. उवा काही माशांवरच गर्दी करत असतील तर गोंधळ आणखी वाढतो. केंद्राची सरासरी सगळ्या पिंजऱ्यांची मिळून काढतात, त्यानं तो बराच निवतो, पण एका पिंजऱ्याच्या आकड्यावर भांडू नये.

हे आकडे बर्गेनच्या सागरी संशोधन संस्थेत जातात. तिथे किनाऱ्याच्या प्रवाहांचं ८०० मीटर चौकटींचं गणिती प्रारूप आहे. केंद्रनिहाय माद्या आणि पाण्याचं तापमान घालून उवांची पिल्लं कुठे वाहत जातील ते काढतात, आणि जाळ्यात धरलेल्या जंगली माशांवरच्या उवांशी ताडून पाहतात. कोपेपोडिड वरच्या थरात राहतं आणि गोडं पाणी टाळतं, त्यामुळे बर्फ वितळून नदी फुगली की चित्र पालटतं. २०१७ पासून किनाऱ्याचे १३ उत्पादन विभाग याच आधारावर रंगवले जातात : उवांमुळे स्मोल्टची मर १० टक्क्यांखाली असेल तर हिरवा, ३० च्या वर गेली तर लाल. हिरव्याला ६ टक्के वाढ मिळू शकते, लालला तेवढीच कपात.

मग मर्यादा नुसती खाली का ओढत नाहीत? कारण प्रत्येक उपचार माशाला महागात पडतो. खाद्यातलं इमामेक्टिन, आंघोळीची डेल्टामेथ्रिन आणि अझामेथिफॉस ही औषधं उवांनी पचवली. मग आलं गरम पाणी : २८ ते ३४ अंश, सुमारे अर्धा मिनिट. आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवून मासे दाटीनं एकत्र आणतात, पंपानं ओढतात. थंड समुद्रातून थेट गरम पाण्यात गेलेला मासा उसळ्या मारतो, नळीवर आपटतो, खवले गळतात. कल्ले किंवा हृदय आधीच आजारी असेल तर त्याच दिवशी मरतो. हिवाळ्यात ओरखड्यांत मॉरिटेला व्हिस्कोसा हा जिवाणू शिरून व्रण पडतात. एवढं करून चिकटलेल्या उवा बऱ्याचशा तिथेच राहतात, आणि काही आठवड्यांत त्याच फिरत्या म्हणून मोजणीत परत येतात. २०२३ मध्ये नॉर्वेत समुद्रातल्या सॅमनची मर १६.७ टक्के होती. कारणं अनेक, पण हाताळणीच्या जखमा त्यांत ठळक आहेत.

म्हणून आता भर आहे तो ऊ लागूच न देण्यावर. पिंजऱ्याभोवती पाच-दहा मीटर खोल ताडपत्रीचा घेर बांधला की वरच्या थरातली पिल्लं बाहेर राहतात. पण भरती-ओहोटीच्या मधल्या संथ वेळी आत प्राणवायू घसरतो, म्हणून मापक सतत लावलेला हवा. पिंजरा पूर्ण बुडवला तर वेगळी अडचण : सॅमन पोटातला हवेचा फुगा पृष्ठभागावर येऊन, हवा गिळूनच भरतो. वर येता आलं नाही तर फुगा रिकामा होतो, मासा शेपूट खाली टाकून तिरका आणि अधिक वेगानं पोहत राहतो. त्यासाठी पाण्याखालीच हवेचा घुमट अडकवतात. घुमट भरणारी नळी रोज तपासावी लागते. दिवे आणि खाद्यही खालीच न्यावं लागतं, नाहीतर कळप जाळीच्या छताला चिकटून राहतो, म्हणजे पुन्हा उवांच्या थराच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातो.