जठराभोवतीचा पट्टा

(पडद्यावर: पांढऱ्या कापडावर ठेवलेला सिलिकॉनचा पट्टा, बारीक नळी आणि नळीच्या टोकाची गोल चकती.)

एवढीशी वस्तू आहे. वजन कमी करण्यासाठी जठराभोवती बसवतात तो हा पट्टा, गॅस्ट्रिक बँड. तळहातावर सहज मावते. पट्टा मऊ सिलिकॉनचा आहे आणि त्याची आतली बाजू फुग्यासारखी फुगते. त्याला ही बारीक नळी जोडलेली, आणि नळीच्या टोकाला ही चकती. डॉक्टर तिला पोर्ट म्हणतात.

पोटावर काही लहान छिद्रं पाडून, दुर्बिणीतून हा पट्टा आत नेतात आणि जठराच्या अगदी वरच्या भागाला वेढा घालून त्याचं टोक अडकवून टाकतात. पोर्ट त्वचेखाली, पोटाच्या स्नायूंवर बसवतात. पट्ट्याच्या वर जठराची एक चिमुकली पिशवी उरते. तिच्यात मावतं साधारण १५ ते ३० मिलिलिटर, म्हणजे मोठे दोन चमचे. थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं. पोर्टमध्ये सुई घालून सलाइन भरलं की पट्टा आवळतो, काढून घेतलं की सैल होतो.

वर्षानुवर्षं वजनाशी झगडून थकलेल्या माणसाला हे ऐकून केवढा धीर येतो! त्यात त्याला तीन गोष्टी सांगितल्या जातात. जठर कापायचं नाही. आतडी जोडायची नाहीत. आणि नको वाटलं तर पट्टा काढता येतो.

ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

(पडद्यावर: ऑपरेशन थिएटर. दुर्बिणीच्या पडद्यावर जठराचा वरचा भाग.)

सलाइनने आवळता येणारा पट्टा १९८०च्या दशकात आला. अमेरिकेत ल्युबोमिर कुझमाक या शल्यचिकित्सकांनी १९८६ साली तो वापरायला सुरुवात केली. त्याच सुमारास स्वीडनमध्येही असाच पट्टा तयार झाला होता. तेव्हा तो बसवायला पोट उघडावं लागे. १९९३ साली बेल्जियममध्ये मितिकू बेलाचेव यांनी तो पहिल्यांदा दुर्बिणीतून बसवला आणि चित्रच पालटलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००१ साली मान्यता दिली. २०११ साली याच संस्थेने पट्टा कोणाला बसवता येईल याची अट सैल केली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३० असला आणि लठ्ठपणामुळे आलेला एखादा आजार सोबत असला, तरी एका कंपनीचा पट्टा बसवायला परवानगी मिळाली.

त्या वर्षी अमेरिकेत वजन कमी करण्यासाठी झालेल्या ऑपरेशनांपैकी सुमारे ३५ टक्के ऑपरेशनं या पट्ट्याची होती. २०१८ सालापर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

सात वर्षांत एवढी घसरण. कोणी बंदी घातली नव्हती. पट्टे बसवणाऱ्या डॉक्टरांनीच हात आखडता घेतला. तो का, हे समजून घेण्यासाठी ही फिल्म आहे.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. ऑपरेशनच्या टेबलावर हा पट्टा खरोखरच सुरक्षित आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पट्टा बसवलेले १,१९८ रुग्ण होते. पहिल्या तीस दिवसांत त्यांच्यापैकी एकही दगावला नाही, आणि गंभीर त्रास झालेल्यांचं प्रमाण एक टक्का होतं. माणूस एक-दोन दिवसांत घरी जातो. पहिला महिना, पहिलं वर्ष बहुतेकांचं बरं जातं. म्हणूनच या ऑपरेशनचे धोके ओळखायला इतका वेळ लागला. ते उशिरा येतात.

(पडद्यावर: पोटाचा एक्स-रे. पट्ट्याची पांढरी रेघ तिरपी दिसते आहे.)

हा एक्स-रे पाहा. जागेवर असलेला पट्टा असा तिरपा दिसतो, वरचं टोक डाव्या खांद्याच्या दिशेने. आता हा दुसरा. इथे पट्टा आडवा झाला आहे. कधी तो पूर्ण गोल, कड्यासारखा दिसतो. याला पट्टा घसरणं म्हणतात. खरं तर सरकतं ते जठर. पट्ट्याच्या खालचा भाग पट्ट्यातून वर येतो, वरची पिशवी मोठी होते आणि पट्ट्यावरून ओघळल्यासारखी खाली लोंबते. मग वाट बंद. आधी जेवण उतरत नाही, मग पाणी, मग स्वतःची लाळसुद्धा. पिशवीला पिळ बसून रक्तपुरवठा तुटला, तर जठराचा तो भाग काळानिळा पडून मरतो. तसं झालं तर काही तासही महत्त्वाचे ठरतात. सुरुवातीच्या काळात पट्टा बसवण्याची पद्धत वेगळी होती आणि घसरण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. पद्धत बदलल्यावर ते खाली आलं. थांबलं मात्र नाही. गरोदरपणातल्या सततच्या उलट्यांनी पट्टा घसरू शकतो. त्यामुळे अनेक डॉक्टर त्या काळात सलाइन काढून तो सैल करून ठेवतात.

दुसरी गुंतागुंत मला जास्त अस्वस्थ करते, कारण ती आवाज करत नाही.

पट्टा जठराच्या बाहेरच्या बाजूला असतो. जठर दिवसरात्र हलतं, आकसतं, पसरतं. वर्षानुवर्षं एकाच जागी दाब पडून कधी कधी पट्टा जठराची भिंत झिजवत आत शिरतो. शरीर बाहेरून त्याच्याभोवती जाड आवरण तयार करत असल्यामुळे बहुधा मोठा उद्रेक होत नाही, दुखतही नाही. एवढंच होतं, की पट्ट्याचा परिणाम जाणवेनासा होतो. भूक परत येते. वजन चढू लागतं. सलाइन भरूनही आवळल्यासारखं वाटत नाही. कुणाच्या पोर्टजवळची त्वचा लाल होते, पू येतो, आणि ऑपरेशनला तीन-चार वर्षं उलटून गेलेली असतात. इतक्या उशिरा पोर्टला जंतुसंसर्ग झाला, तर वरून मलमपट्टी करून थांबू नये. आत एंडोस्कोपी करून पाहायलाच हवं. कॅमेऱ्यात जठराच्या आत पांढरा पट्टा दिसला, की तो काढण्यावाचून इलाज नसतो.

पोर्ट आणि नळीचे त्रास त्या मानाने किरकोळ. चकती उलटी होते आणि सुई लागत नाही. नळीला चीर पडून सलाइन गळतं. नळी निसटते. दुरुस्ती बहुधा छोटी असते, पण तेही ऑपरेशनच.

(पडद्यावर: जेवणाचं टेबल. एक रिकामी खुर्ची. बेसिनमधल्या नळाचा आवाज.)

आता रोजच्या जगण्याकडे येऊ. अहवालांत याला फारशी जागा मिळत नाही.

घास नीट चावला गेला नाही, जरा घाई झाली, किंवा चिवट मांसाचा, मऊ ब्रेडचा तुकडा असला, की तो पट्ट्यापाशी अडकतो. छातीच्या मधोमध दाटून येतं. तोंडाला पाणी सुटतं, लाळेचा फेस येतो आणि शेवटी घास फेसासकट वर येतो. पट्टा असलेली माणसं चारचौघांत जेवायला बसताना आधी बाथरूम कुठे आहे ते पाहून ठेवतात. काहींनी बाहेर जेवणंच सोडलेलं असतं.

पट्टा फार आवळलेला असेल तर अन्न वरच्या बाजूला, अन्ननलिकेत साचू लागतं. अन्ननलिका फुगते, तिची अन्न ढकलण्याची ताकद कमी होते. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, खोकल्याने जाग येते. ते श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं. पट्टा सैल केल्यावर अन्ननलिका बऱ्याच जणांची पूर्ववत होते. काहींची होत नाही.

उलट्या आठवडे-आठवडे चालू राहिल्या तर आणखी एक संकट ओढवतं. शरीरात बी-वन जीवनसत्त्वाचा साठा फार नसतो, तो थोड्या आठवड्यांतच संपतो. मग चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो. ही मेंदूची इजा आहे आणि ती कायमची राहू शकते. अशा रुग्णाला ग्लुकोज चढवण्याआधी बी-वनचं इंजेक्शन द्यावं लागतं.

आणि मग वजन का उतरत नाही, हा प्रश्न. घट्ट पट्ट्यातून भाज्या, मांस, फळांच्या फोडी जात नाहीत. आइस्क्रीम, चॉकलेट, गोड पेयं मात्र सहज उतरतात. ज्याला रोज ओकारी होते तो शेवटी जे खाली जाईल तेच खातो. वजन वाढतं आणि त्याला ऐकवलं जातं, की तुम्ही पथ्य पाळलं नाही. हे ऐकून माणूस तपासणीला जायचं टाळतो, लाजतो, कुढतो. कित्येकदा त्याचा पट्टा जास्त आवळलेला असतो, घसरलेला असतो किंवा आत शिरलेला असतो. वजन परत चढलेल्या प्रत्येक माणसाला दोष देण्याआधी त्याचा पट्टा तपासला जावा, हे मी अगदी कळकळीने सांगतो आहे. एक एक्स-रे, बेरियमचं पाणी पाजून एक तपासणी आणि गरज वाटली तर एंडोस्कोपी. एवढं त्याच्या हक्काचं आहे.

(पडद्यावर: ब्रसेल्स शहर. मग मेलबर्न.)

लांबच्या पल्ल्याचे आकडे कमी आहेत, पण आहेत ते बोलके आहेत. ब्रसेल्समधल्या शल्यचिकित्सकांनी १९९४ ते १९९७ या काळात पट्टा बसवलेल्या १५१ रुग्णांचा बारा वर्षांनंतर शोध घेतला. ८२ जण तपासता आले. त्यांच्यापैकी ३९ टक्के रुग्णांना मोठी गुंतागुंत झाली होती. २८ टक्के रुग्णांच्या जठरात पट्टा शिरला होता. पट्टा अजून पोटात असलेले जेमतेम निम्मे उरले होते. हे २०११ साली प्रसिद्ध झालं, एफडीएने अट सैल केली त्याच वर्षी.

मेलबर्नचं चित्र वेगळं आहे. तिथल्या एका केंद्राने तीन हजारांहून अधिक रुग्णांची पंधरा वर्षांपर्यंतची माहिती २०१३ साली मांडली. जादा वजनापैकी सरासरी ४७ टक्के वजन टिकून कमी राहिलं होतं. जठरात पट्टा शिरण्याचं प्रमाण ३.४ टक्के होतं आणि पट्टा कायमचा काढावा लागलेले ५.६ टक्के. पण तिथेही वरची पिशवी मोठी झाल्यामुळे २६ टक्के, आणि पोर्ट किंवा नळीमुळे २१ टक्के दुरुस्त्या कराव्या लागल्या होत्या.

एकच साधन आणि इतका फरक. ब्रसेल्सचे रुग्ण सुरुवातीच्या पद्धतीचे होते, हे एक कारण. दुसरं मला त्याहून मोठं वाटतं. मेलबर्नच्या केंद्राचा सगळा भर नंतरच्या तपासणीवर होता. पट्टा बसवणं हा उपचाराचा पहिला दिवस असतो. त्यानंतर सलाइन किती भरायचं, कधी काढायचं, हे पाहायला कोणीतरी दहा-पंधरा वर्षं सोबत लागतं. रुग्ण गाव बदलतो, डॉक्टर निवृत्त होतात, दवाखाना बंद पडतो. पट्टा पोटातच राहतो.

अमेरिकेत सरकारी विम्याखालच्या २५ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सरासरी साडेचार वर्षांत १८.५ टक्के रुग्णांना पट्ट्यासाठी पुन्हा ऑपरेशन करावं लागलं होतं. पट्ट्यावर झालेल्या एकूण खर्चापैकी जवळपास निम्मा खर्च या पुढच्या ऑपरेशनांवर झाला होता. ब्रिटनमध्ये तेराशेहून अधिक जणांना यदृच्छेने वेगवेगळी ऑपरेशनं नेमून दिली गेली. तीन वर्षांनंतर जादा वजनापैकी निम्मं किंवा त्याहून अधिक घटवलेले लोक बायपासमध्ये, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याच्या ऑपरेशनमध्ये, ६८ टक्के होते, पट्ट्यामध्ये २५ टक्के.

(पडद्यावर: ऑपरेशन थिएटर. पकडीत धरलेला, पिवळसर पडलेला पट्टा.)

आता ती तिसरी गोष्ट. पट्टा काढता येतो.

हो, येतो. पण तो जिथे होता तिथे कडक, जाड व्रणाचं कडं उरतं. आजूबाजूचे अवयव चिकटलेले असतात. ते कडं तसंच ठेवलं तर पट्टा काढूनही वाट अरुंद राहू शकते, म्हणून तेही सोडवावं लागतं. पट्टा गेला की बहुतेकांचं वजन परत वाढतं, आणि मग स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढण्याचं ऑपरेशन, किंवा बायपासचा विचार सुरू होतो. व्रण असलेल्या जठरावर केलेलं हे दुसरं ऑपरेशन पहिल्यांदाच केलेल्या ऑपरेशनपेक्षा जोखमीचं असतं. त्यामुळे कित्येक डॉक्टर पट्टा काढून सुमारे तीन महिने थांबतात आणि मग पुढचं करतात. हे सगळं सही करण्याआधी कळायला हवं होतं.

अजूनही जगभर असंख्य लोकांच्या पोटात हे पट्टे आहेत. काहींचं उत्तम चाललं आहे, त्यांनी घाबरून तो काढायला धावू नये. वर्षातून एकदा तपासून घ्यावं. दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात.

पाणी उतरेनासं झालं, पोटात किंवा छातीखाली जोराने दुखू लागलं, सतत उमासे येऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णालयात गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा, की पोटात गॅस्ट्रिक बँड आहे. सलाइन ताबडतोब काढून घ्यायला सांगा. त्यासाठी पोर्टची वेगळी सुई लागते, तिचं नाव ह्यूबर सुई. साध्या सुईने पोर्टच्या पडद्याला इजा होऊ शकते. पण खरोखर जीवावर बेतलं असेल आणि ती सुई हाताशी नसेल, तर पोर्टची फिकीर करण्याची ती वेळ नव्हे.

आणि एक कागद करून ठेवा. पट्टा कोणत्या कंपनीचा, कोणत्या वर्षी बसवला, शेवटचं सलाइन कधी भरलं, आत किती मिलिलिटर आहे. तो पाकिटात ठेवा, आणि तो कुठे आहे हे घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.