संत्र्याची साल आणि हवेतले खण

सगळ्यांकडे साल पोचली का? आता ती दिव्यासमोर धरून अशी चिमटा. बारीक फवारा उडतो, तो मुख्यतः लिमोनीनचा, म्हणजे सालीतल्या वासाच्या तेलाचा. वास आला, म्हणजे त्याची वाफ नाकापर्यंत पोचली. या खोलीत पुरेसा ओझोन असता, तर त्या वाफेतून काही मिनिटांत नवे कण जन्मले असते. दिसले मात्र नसते. केस साधारण 70 मायक्रॉन जाड. हे कण त्याच्या हजाराव्या भागाएवढे, किंवा त्याहूनही लहान.

नागपुरात प्रदूषण म्हटलं की बोट कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राकडे जातं. जायलाच हवं. पण पीएम 2.5 मध्ये, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांत, सेंद्रिय पदार्थांचाही मोठा वाटा असतो, आणि त्यातले बरेचसे कण म्हणून कुठल्याच चिमणीतून निघालेले नसतात. निघते ती वाफ. तिला वाटेत ऑक्सिजन चिकटतो, रेणू जड होतो, उडणं कमी होतं आणि तो आयत्या कणावर जाऊन बसतो.

हे संगणकात कसं घालायचं? शे-दीडशे मूळ संयुगांच्या अभिक्रिया सविस्तर लिहिल्या, तरी आकडा 17 हजारांच्या घरात जातो. अख्ख्या विदर्भाच्या हवेसाठी हे चालवायचं म्हणजे विसराच. 2006 मध्ये डोनाह्यू, रॉबिन्सन, स्टॅनियर आणि पांडिस या शास्त्रज्ञांनी सुटसुटीत युक्ती मांडली: रेणूचं नाव विचारू नका, तो किती उडतो तेवढं विचारा आणि त्या खणात टाका. प्रत्येक पुढचा खण दसपट उडणारा.

हिशेब करून बघू. खणावरचा आकडा सांगतो, घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम सेंद्रिय कण असले की त्यातला अर्धा माल कणावर बसतो. घनमीटरभर हवेत 10 मायक्रोग्रॅम सेंद्रिय कण आहेत. मग ‘10’च्या खणातला अर्धा माल कणावर, अर्धा वाफेत. ‘100’च्या खणातला जेमतेम 9 टक्के कणावर. आता शेजारी कचरा पेटला आणि कण 100 मायक्रोग्रॅम झाले, की ‘100’च्या खणातलाही अर्धा माल खाली उतरतो. पैशाकडे पैसा जातो ना, तसं!

उलटंही होतं. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर कढईतून उठलेला धूर दहा पावलांवर विरतो. तो सगळाच कुठे दूर गेलेला नसतो. हवेत पातळ झाल्यावर त्यातलं काही परत वाफ होतं आणि पुढे नवा कण बनायला मोकळं राहतं. म्हणून चिमणीच्या तोंडाशी मोजलेला आकडा मी तसाच मॉडेलात घालत नाही. पूर्वी घालत होतो, तेव्हा वाफेतून पुढे होणारे कण त्यात धरलेच जात नव्हते आणि माझी हवा कागदावर फार स्वच्छ दिसायची.

शिवाय आपलं ऊन. मे महिन्यात 45 अंशांना जी वाफच राहते, ती डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांना कणावर बसते. वर थंडीत हवेला झाकण पडतं ते वेगळंच.

एक गोम अजून आहे. या हिशेबात कण म्हणजे थेंब, आत-बाहेर सहज ये-जा. 2010 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी पाइनच्या वाफांपासून झालेले कण पट्टीवर आदळवून पाहिले, तर ते टप्पा घेऊन उडाले. काचेसारखे घट्ट! अशा कणात शिरायला रेणूला किती वेळ लागेल? दमट हवेत तो मऊ पडतो, कोरड्यात आवळतो. आपल्याकडे श्रावण आणि वैशाख दोन्ही कडक, आणि माझ्या मॉडेलात मात्र अजून बारा महिने थेंबच आहे.