दारात उभा असलेला ठक

श्रोतेहो, नमस्कार. जपानमध्ये अनेक खाणावळींच्या दाराशी मातीचा एक ढेरपोट्या प्राणी उभा दिसतो. त्याच्या डोक्यावर गवती टोपी असते, एका हातात साकेची म्हणजे तांदळाच्या मद्याची सुरई, दुसऱ्या हातात लहानशी वही आणि चेहऱ्यावर भाबडा भाव. हा तानुकी. कुत्र्याच्या कुळातला, डोळ्यांभोवती काळे डाग असलेला हा प्राणी जपानच्या रानांत आजही राहतो. लोककथांमध्ये मात्र तो अट्टल बहुरूपी आहे. तो भिक्षूचा वेश घेतो, चांदण्या रात्री स्वतःचे पोट ढोलासारखे बडवतो आणि दुकानदाराला नाणी मोजून देऊन माल घेऊन जातो. नंतर गल्ला उघडावा, तर आत वाळकी पाने!

गुन्मा प्रांतातील तातेबायाशी गावच्या मोरिंजी मंदिराशी जोडलेल्या कथेच्या लोकप्रिय रूपात तो चहाची किटली बनतो. पण विस्तवावर ठेवताच चटका बसून किटलीला पाय आणि शेपूट फुटते. पुढे हीच किटली एका गरीब भंगारवाल्यासाठी दोरीवरची कसरत करून दाखवते आणि त्याचे दैन्य फिटते. म्हणजे फसवणारा आणि भरभराट करणारा एकच.

कोल्ह्याचेही असेच आहे. ‘कोल्ह्याची सोंगे सात, तानुकीची आठ’ अशी तिकडे म्हण आहे. माणसांना झपाटणारा हाच कोल्हा धान्याची देवता इनारी हिचा दूत मानला जातो. आयची प्रांतातील तोयोकावा येथे तर पांढऱ्या कोल्ह्यावर आरूढ असलेल्या दाकिनीतेन या देवतेची पूजा होते आणि त्या नावात आपल्याकडची ‘डाकिनी’ स्पष्ट ऐकू येते.

तानुकीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले गाव म्हणजे शिगा प्रांतातील शिगाराकी. 1951 मध्ये सम्राट हिरोहितो तेथे गेले, तेव्हा कुंभारांनी हातात ध्वज दिलेल्या तानुकींची रांगच स्वागताला उभी केली होती. सम्राटांनी त्यावर कविता रचली आणि या मूर्ती देशभर पोहोचल्या. ‘तानुकी’ या शब्दातून ‘इतरांना मागे टाकणे’ असा श्लेष निघतो, हे व्यापाऱ्यांच्या पथ्यावरच पडले.

मला मात्र त्याच्या हातातल्या वहीची गंमत वाटते. ती आहे उधारीची वही, आणि तिचा अर्थ सांगतात तो विश्वास. वाळकी पाने देऊन दुकानदारांना गंडवणाऱ्याच्याच हाती त्यांनी ती सोपवली आहे.