मेंदूच्या गाभ्यात दिसलेला फरक

चाचणी घेणाऱ्या ताई एक निरर्थक शब्द उच्चारतात : ‘टेबुगोमाळी’. मुलाने तो ऐकून जसाच्या तसा म्हणायचा असतो. मुलाला नीट ऐकू येते, इतर बाबतींत तो समवयस्कांच्या बरोबरीने आहे, तरीही त्याच्या तोंडून ‘टेगोमाळी’ एवढेच बाहेर पडते. विकासात्मक भाषा-विकार, अर्थात डीएलडी, असलेल्या मुलांपैकी अनेकांना अशी लांब शब्दांची पुनरावृत्ती फार जड जाते. इंग्लंडमधील सरे परगण्यात शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे 7.5 टक्के मुलांमध्ये हा विकार आढळला. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन मुले. इतका सर्रास आढळणारा विकार पालकांना आणि शिक्षकांना नावानेही ठाऊक नसावा, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

अशा मुलाचा नेहमीचा एमआरआय काढला, तर अहवाल बहुधा ‘नॉर्मल’ येतो, कारण तिथे जखम किंवा गाठ नसते. ऑक्सफर्डमध्ये सलोनी कृष्णन, केट वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी त्यामुळे वेगळ्या प्रकारचे स्कॅन वापरले. मज्जातंतूंवर तारेच्या वेष्टनासारखे मायलिनचे आवरण असते आणि त्यामुळे संदेश वेगाने जातात. या मायलिनचा अंदाज त्या स्कॅनमधून घेता येतो. 10 ते 15 वर्षांच्या मुलांच्या या अभ्यासात, जो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, डीएलडी असलेल्या मुलांच्या मेंदूत खोलवर असलेल्या कॉडेट न्यूक्लियस या भागात, तसेच बोलण्याशी संबंधित काही बाह्य भागांत, हा विकार नसलेल्या मुलांच्या तुलनेत मायलिन कमी असल्याचे संकेत मिळाले.

कॉडेट हा सवयीने शिकण्याशी निगडित भाग आहे. ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले’ हे मराठी मुलाला कोणी नियम सांगून शिकवत नाही. ऐकता ऐकता ते अंगवळणी पडते. भाषा आणि मेंदूचे अभ्यासक मायकेल उलमन यांनी कित्येक वर्षांपूर्वी मांडले होते, की या मुलांची अडचण नेमक्या याच शिकण्यात असावी, आणि नव्या स्कॅनमुळे त्या विचाराला बळ मिळाले आहे.

मात्र वापराने मायलिन वाढूही शकते, त्यामुळे हा फरक अडचणीचे कारण आहे की परिणाम, हे एकाच वेळी काढलेल्या स्कॅनवरून ठरत नाही. शिवाय ही सरासरी दोन गटांची आहे. एकट्या मुलाच्या स्कॅनवर बोट ठेवून डीएलडीचे निदान करता येत नाही. ते आजही वाचा-भाषा तज्ज्ञांनी मुलाशी बोलून, त्याचे बोलणे ऐकून आणि घरच्यांकडून माहिती घेऊनच केले जाते.