पाण्याच्या वाटेनं सरकणारा ट्यूमर

ही जी काळीपांढरी इमेज स्क्रीनवर दिसतेय ना, हा मेंदूचा एमआरआय आहे. मधे कडं असल्यासारखा जो गोळा दिसतोय तो ट्यूमर, नाव ग्लिओब्लास्टोमा, मेंदूच्या कॅन्सरमधला एकदम खत्रूड प्रकार. पण आत्ता त्या गोळ्याकडे बघूच नका, त्याच्या आजूबाजूला बघा, भिंतीत ओल पसरावी तसा पांढरट भाग पसरलाय. ती सूज आहे, म्हणजे साधं पाणी. आजचा सगळा मामला या पाण्याचाच आहे.

बाल्टिमोर, १९२८. जॉन्स हॉपकिन्समधले न्यूरोसर्जन वॉल्टर डँडी यांनी असे ट्यूमर असलेल्या काही पेशंटच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग अख्खाच्या अख्खा काढून टाकला. अर्धा मेंदू! तरीसुद्धा कॅन्सर परत आला, उरलेल्या अर्ध्या भागात. चोर पकडायला अर्धं घर पाडलं आणि चोर कधीच पलीकडच्या खोलीत जाऊन बसलेला, असं झालं ते.

आता प्रश्न असा की हा चोर सरकतो कसा, कारण मेंदूत जागाच नसते हो, पेशीला पेशी चिकटलेली, मधल्या फटी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक, आणि ट्यूमरची पेशी त्या मानाने केवढी मोठी. तरी ती रक्तवाहिनीच्या कडेकडेनं वाट काढत जाते. कशी, तर भरलेल्या लोकलमध्ये आपण दाराकडे सरकताना पोट आत घेतो ना, डिट्टो तसंच. पेशीनं आधीच स्वतःत क्लोराइड साठवून ठेवलेलं असतं, क्लोराइड म्हणजे मिठातला अर्धा भाग, वेळ आली की ती क्लोराइड आणि पोटॅशियम बाहेर सोडते आणि मीठ गेलं की त्याच्या मागोमाग पाणी जातं, हे आपल्याला काकडीची कोशिंबीर करताना माहितीच आहे, मीठ लावून ठेवलं की ताटलीत पाणी सुटतं. अमेरिकेत हॅराल्ड सॉन्थायमर यांच्या लॅबनं हे मोजलं, तर अशी पेशी स्वतःचा साधारण एक तृतीयांश आकार कमी करू शकते.

पण पाणी इतकं पटकन बाहेर पडणार कुठून? पेशीचं आवरण तेलकट असतं, त्यातून पाणी जातं पण रडतखडत.

याचं उत्तर पण बाल्टिमोरमध्येच, त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये सापडलं, आणि तेही चुकून. पीटर आग्रे रक्तगटाच्या आरएच प्रोटीनवर काम करत होते, तांबड्या पेशीतून ते वेगळं काढताना सोबत दुसरंच एक प्रोटीन सारखं सारखं यायचं, भरपूर प्रमाणात, आणि ते करतं काय हे कोणालाच माहीत नाही. शेवटी त्यांचे जुने शिक्षक जॉन पार्कर म्हणाले, अरे, ही पाण्याची वाट तर नसेल? मग बेडकाची अंडी घेतली. बेडकाचं अंडं तळ्यातल्या पाण्यात आरामात राहतं, फुगत नाही. त्यात या प्रोटीनची कृती, म्हणजे आरएनए, इंजेक्ट केली, अंड्यानं ते प्रोटीन बनवलं, मग अंडं पाण्यात सोडलं आणि काही मिनिटांत फुगून फटकन फुटलं. शेजारचं साधं अंडं आपलं निवांत. हे १९९२ मध्ये छापून आलं, २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नाव पडलं अ‍ॅक्वापोरिन. एका वाटेतून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू जातात, एकामागे एक, रांगेत.

माणसात याचे १३ प्रकार आहेत. मेंदूत मुख्य नंबर ४. निरोगी मेंदूत अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशी रक्तवाहिनीला पाय टेकवून बसलेल्या असतात आणि चार नंबरची बहुतेक दारं त्या पावलांपाशीच दाटीनं असतात. ग्लिओब्लास्टोमात ही शिस्त मोडते, दारं वाढतात आणि पेशीच्या अंगभर कुठेही विखुरतात. शिवाय नंबर १ चं दार, जे एरवी मेंदूत मोजक्याच जागी असतं, तेही या पेशींवर उगवतं.

मग सरळ आहे, दारं बंद करा, संपला विषय? मलाही स्क्रिप्ट लिहायला घेतली तेव्हा असंच वाटलेलं. सॉन्थायमर यांच्याच लॅबनं ट्यूमरच्या पेशींत ही दोन्ही दारं वेगवेगळी बसवून बघितली. नंबर १ वाल्या पेशी जास्त वाढल्या, जास्त सरकल्या. नंबर ४ वाल्यांचा वेग काही वाढला नाही, त्या उलट जास्त चिकटून बसल्या. आणि दुसऱ्या लॅबमध्ये नंबर ४ कमी केल्यावर पेशी मंदावल्याचंही दिसलंय. म्हणजे एकच दार, पण घर कुठलं त्यावर वागणं बदलतं.

त्यात उंदरांनी अजून घोळ घातला. नंबर ४ नसलेल्या उंदराला स्ट्रोक आला तर सूज कमी येते, छान. पण त्याच उंदराच्या मेंदूत ट्यूमर वाढवला तर डोक्यातला प्रेशर जास्त चढतो आणि तो लवकर खालावतो. का, तर ट्यूमरच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी परत बाहेर काढायची वाटही तीच आहे. नाली बुजवली की पाणी घरातच तुंबणार.

म्हणून आजही सूज उतरवायला डेक्सामेथासोनच देतात, १९६० च्या दशकापासून या सुजेवर वापरात असलेलं स्टेरॉइड, ते दारांना हात लावायला नाही तर मुख्यतः गळती कमी करायला. नंबर १ चं दार बंद करणारी एक गोष्ट १९९२ पासूनच माहीत आहे, पारा. पण पारा कोणाला देणार! क्लोराइडच्या बाजूनंही एक प्रयत्न झाला, तोही विंचवाच्या विषातून, क्लोरोटॉक्सिन, जे या ट्यूमरच्या पेशींना बरोबर चिकटतं. विंचू आपला कोकणातला लाल नाही बरं का, वाळवंटातला पिवळा.

आता परत स्क्रीनकडे बघा. ही मायक्रोस्कोपखालची पेशी, समोर बारीक फट. आधी एक पातळ हात पुढे जातो, मग अंग बारीक होतं, मधला केंद्रक अडकतो, दाबला जातो, लांबट होतो, थांबतो जरासा, आणि निसटतो. पलीकडे गेल्यावर काय करते बघा. पाणी आत घेते आणि पुन्हा पहिल्यासारखी गुबगुबीत.