डिचोलीची लढाई, जी झालीच नाही

काय मंडळी, बरंय ना? तर परवा सासरी जेवायला बसलो होतो आणि मेव्हण्याचं न माझं वाजलं. विषय काय, तर कळसूबाईची उंची. तो म्हणतो दोन हजार मीटर, मी म्हणतो हॅट, एवढी कुठली, आणि मग हल्ली सगळ्यांच्या घरी होतं तेच, उजवा हात खरकटा म्हणून डाव्या अंगठ्याने फोन उघडला, विकिपीडिया, १६४६ मीटर, फोन थेट त्याच्या ताटासमोर धरला. गप्प बसला एकदम.

तेवढ्यात भात वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "पण जावईबापू, हे लिहितं कोण?" म्हटलं कुणीही. "कुणीही म्हणजे?" म्हणजे कुणीही हो, तुम्हीपण लिहू शकता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं ना, जसं काही मी त्यांच्या बरणीत ओला चमचा घातलाय.

आता ऐका, गोव्यातलं डिचोली माहितीये ना? २००७ च्या जुलैमध्ये इंग्रजी विकिपीडियावर कुणीतरी एक लेख टाकला, १६४०-४१ साली डिचोलीत पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झालं म्हणे. साडेचार हजारच्या आसपास शब्द, खाली तळटीपा, पुस्तकांची नावं, सगळं कसं टापटीप. दोनेक महिन्यांत त्याला 'चांगला लेख' असा दर्जापण मिळाला. आणि ही लढाई झालीच नव्हती! अख्खी बनावट!

बरं १६४० म्हणजे काय ते बघा, शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे महाराज तेव्हा दहा वर्षांचे, राज्याभिषेक १६७४ ला, आणि डिचोली तेव्हा आदिलशाहीत. मग हे मराठा साम्राज्य आलं कुठून? आपल्याकडचं चौथीतलं पोरगं लेख वाचून म्हणालं असतं, "बाई, हे चुकलंय." पण चौथीतलं पोरगं इंग्रजी विकिपीडियावर लेख तपासत बसत नाही ना, आणि जे तपासत होते त्यांना तळटीपा दिसल्या, झालं समाधान. २०१२ संपता संपता एकाने ती पुस्तकं खरंच शोधायला घेतली तर पुस्तकंच अस्तित्वात नाहीत! मग लेख उडवला. पाच वर्षांच्या वर टिकला तो, आमचा मिक्सर एवढा टिकला नाही.

म्हणजे विकिपीडिया भंगार आहे का? तर नाही, आणि इथे मी त्याच्या बाजूने आहे. २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाने विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते, विकिपीडियात लेखामागे साधारण चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिका या इंग्रजी ज्ञानकोशात तीन. तीन! ज्या जाडजूड सोनेरी अक्षरांच्या पुस्तकांना आपण हात धुवून हात लावायचो त्यांच्यात. ब्रिटानिकावाले जाम चिडले होते, तपासणीच चुकीची म्हणाले, ते वेगळं.

आपला मराठी विश्वकोश घ्या, वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी कामाला लावला, पहिला खंड १९७६ चा, प्रत्येक नोंद जाणकाराने लिहायची, वर संपादकांनी तपासायची. तिथे डिचोलीची लढाई घुसवून दाखवा. पण जेवताना, डाव्या हाताने, मेव्हणा समोर असताना वाईचा खंड कोण काढणार?

म्हणून मी एकच करतो, वाक्याच्या शेवटी तो बारका निळा आकडा असतो ना, तो दाबतो. नुसता बघत नाही, दाबतो. कुठलं पुस्तक, कुठली साइट, आहे तरी का. उंची, पिनकोड, कुठला तालुका कुठल्या जिल्ह्यात, यात सहसा घोळ नसतो कारण बघणारे हजार. घोळ होतो तो जिथे कुणी फिरकत नाही तिथे, आडगावच्या लढाया, कुणाच्या तरी पणजोबांचे पराक्रम.

असो. मेव्हण्याला हे डिचोली प्रकरण अजून माहीत नाहीये. कमेंटमध्ये त्याला टॅग करू नका प्लीज, पुढच्या रविवारी परत जेवायला जायचंय आणि या वेळी विषय सह्याद्रीतले घाट आहे.