कुऱ्हाड कुठे आहे? 'गॉड ऑफ वॉर'मधली लढाई, शस्त्रं आणि कोडी

[दृश्य: बर्फाळ जंगल. क्रेटॉसच्या खांद्यामागून कॅमेरा. समोर तीन ड्राउगर, म्हणजे चालती-फिरती प्रेतं.]

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर एल-टू दाबून नेम धरायचा. आर-वन दाबलं तर कुऱ्हाड आडवी, हलकी आणि झटपट जाते. आर-टू दाबलं तर ती उभी फिरत जाते, जड बसते आणि साध्या शत्रूला जागीच गोठवते. मग ट्रँगल. कुऱ्हाड गेली तशीच हवेतून परत येते, वाटेत कोणी आडवा आला तर त्यालाही कापते, आणि दांडा तळहातावर आदळतो तेव्हा कंट्रोलर थरथरतो.

सांता मोनिका स्टुडिओने कोरी बार्लॉग यांच्या दिग्दर्शनाखाली बनवलेला 'गॉड ऑफ वॉर' 20 एप्रिल 2018 रोजी प्लेस्टेशन 4 वर आला, आणि जानेवारी 2022 मध्ये पीसीवर. आधीच्या भागांत ग्रीक देवांच्या जिवावर उठलेला क्रेटॉस इथे उत्तरेकडच्या नॉर्स देवांच्या मुलखात, आपल्या मुलासोबत राहतो आहे. मुलाचं नाव आट्रेयस. या गेमवर बोलताना बाप-लेकाच्या नात्यावर भरपूर बोललं जातं. आपण आज फक्त कुऱ्हाडीकडे बघू. कारण इथली लढाई असो की कोडं, दोन्हीकडे एकच प्रश्न सोडवायचा असतो: या क्षणी कुऱ्हाड कुठे असायला हवी?

[दृश्य: ब्रॉक आणि सिंद्री यांची भट्टी.]

'लेव्हायथन' नावाची ही कुऱ्हाड गेममध्ये ब्रॉक आणि सिंद्री या बुटक्या लोहार भावांनी घडवलेली आहे. थॉरचा हातोडा म्योलनिर यांनीच बनवला. त्या हातोड्याने पुढे जो विध्वंस केला, त्याला तोडीस तोड म्हणून त्यांनी ही कुऱ्हाड केली. ही जोडी मूळ पुराणातली आहे. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलेल्या एड्डा या नॉर्स पुराणकथांच्या ग्रंथात ब्रॉक आणि त्याचा भाऊ पैजेवर तीन वस्तू घडवतात: सोनेरी केसांचा रानडुक्कर, द्राउपनिर नावाची अंगठी आणि म्योलनिर. काम चालू असताना लोकी माशीचं रूप घेऊन भाता ओढणाऱ्या ब्रॉकच्या पापणीला चावतो. डोळ्यात रक्त उतरतं, ब्रॉकचा हात क्षणभर भात्यावरून सुटतो, आणि हातोड्याचा दांडा आखूड राहतो.

त्या हातोड्याचा एक गुण असा, की कितीही लांब फेकला तरी तो फेकणाऱ्याच्या हातात परत येतो. आपल्याला सुदर्शन चक्र आठवेल, आणि ते साहजिकच आहे. गेम बनवणाऱ्यांनी पुराणातला हा गुण उचलला, त्याच लोहारांच्या दुसऱ्या शस्त्राला दिला आणि एका बटणावर आणून ठेवला.

[दृश्य: जुन्या भागातला लांबचा, स्थिर कॅमेरा. त्याशेजारी 2018 चा जवळचा कॅमेरा.]

जुन्या ग्रीक भागांत कॅमेरा दूर आणि उंचावर असायचा. अख्खं मैदान दिसायचं, साखळीला बांधलेली पाती चहूकडे फिरायची. 2018 मध्ये कॅमेरा क्रेटॉसच्या खांद्याला चिकटला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही कट न घेता चालत राहिला. उडी मारायचं बटण काढून टाकलं. एवढ्या जवळून पाठीमागचं काहीच दिसत नाही, म्हणून क्रेटॉसभोवती छोटे बाण उमटतात. बाण लाल झाला तर त्या दिशेने वार येतोय, जांभळा असेल तर काहीतरी फेकलेलं येतंय. पुढे मिमिर या पात्राचं बोलणारं मुंडकं कमरेला लटकायला लागलं, की तेही ओरडून सावध करतं. नवखा खेळाडू समोरच्या शत्रूत इतका गुंततो की बाणांकडे त्याचं लक्षच जात नाही. पहिल्या काही तासांतले बरेच मृत्यू पाठीवर बसलेल्या वाराने होतात.

आता समोरच्या तीन ड्राउगरांकडे येऊ. सर्वांत तगड्याला आर-टूने कुऱ्हाड मारा. तो गोठला. इथे हात शिवशिवतो आणि ट्रँगल दाबलं जातं. दाबू नका. कुऱ्हाड अंगात रुतलेली आहे तोवर तो काही काळ अडकून राहतो. काढून घेतलीत की तो मोकळा होतो. तेवढ्यात उरलेल्या दोघांना नुसत्या हाताने घ्यायचं.

रिकाम्या हाताने लढणं ही या गेममधली सर्वांत कमी वापरली जाणारी गोष्ट आहे, हे खेदाने म्हणावं लागतं. कुऱ्हाड हातात नसताना तेच आर-वन आणि आर-टू ठोसे मारतात, ढालीने हाणतात. ठोशाने हेल्थ कमी जाते, पण शत्रूच्या हेल्थ बारखालची दुसरी पट्टी, म्हणजे स्टनची (शत्रू किती गांगरला ते दाखवणारी), भराभर भरते. ती भरली की डोक्यावर आर-थ्रीची खूण येते. दाबलं की किरकोळ शत्रू तिथेच फाडला जातो, मग त्याची हेल्थ कितीही उरलेली असो. ओगर नावाच्या राक्षसासारखा मोठा असेल तर क्रेटॉस त्याच्या पाठीवर चढतो आणि त्याच्याच मुठींनी बाकीच्यांना ठेचतो. स्क्वेअर दाबून आट्रेयसला बाण मारायला लावलं तर स्टन आणखी लवकर भरतो. बाण संपले तरी थोड्या वेळात आपोआप भरतात, त्यामुळे जपून वापरण्यात काही अर्थ नाही.

रेव्हनंट नावाच्या चेटकिणी या बाणांशिवाय आवरतच नाहीत. त्या धुरासारख्या सरकतात, फेकलेली कुऱ्हाड त्यांना चुकवून निघून जाते. आधी आट्रेयसचा बाण लागला पाहिजे. त्याने ती क्षणभर थबकते, आणि मग कुऱ्हाड लागते.

ढाल एल-वनवर आहे. वार लागायच्या अगदी क्षणभर आधी दाबली तर पॅरी होते आणि समोरचा तोल जाऊन उघडा पडतो. आधीपासून दाबून ठेवली तर नुसता बचाव. शत्रूभोवती पिवळं वर्तुळ चमकलं तर नुसता बचाव फुटतो, पॅरी मात्र चालते. लाल वर्तुळ दिसलं तर ढाल विसरा, एक्स दाबून बाजूला व्हा. दोनदा दाबलं तर लोळण. फक्त फार आधी लोळू नका. बरेच वार तुमचा माग काढत वळतात.

चिलखत आणि आकड्यांबद्दल थोडक्यात: क्रेटॉसची लेव्हल शत्रू मारून वाढत नाही. मारून मिळतो तो अनुभव, आणि त्यातून नवे डाव विकत घ्यायचे. लेव्हल ठरते अंगावरच्या सामानावरून. कुऱ्हाड वाढवायला फ्रोझन फ्लेम नावाची वस्तू लागते. शत्रूचा हेल्थ बार जांभळा दिसला तर सरळ मागे फिरा.

[दृश्य: घराच्या जमिनीखालची पेटी. कापडात गुंडाळलेली पाती.]

निम्म्या वाटेवर गेम तुमची ही सगळी सवय मोडतो. आट्रेयस आजारी पडतो, औषधासाठी हेलहाइमला, म्हणजे मेलेल्यांच्या गोठलेल्या मुलखात जावं लागतं. तिथल्यांवर बर्फाची कुऱ्हाड चालत नाही. क्रेटॉस घरी परततो आणि जमिनीखाली पुरून ठेवलेली जुनी 'ब्लेड्स ऑफ केऑस' बाहेर काढतो. ही आगीची पाती. यांच्या साखळ्या लांब आहेत, घोळक्यात फिरवायला उत्तम, एकेकट्यावर जरा कमकुवत. नियम सोपा आहे: ज्याच्या अंगावर बर्फ त्याला पाती, जो जळतोय त्याला कुऱ्हाड. डी-पॅडवर उजवीकडे कुऱ्हाड, डावीकडे पाती. रिकाम्या हाताचं स्टन विसरायला होतं ते नेमकं इथून पुढे, कारण आता कुऱ्हाड फेकली तरी हात रिकामा ठेवायची गरज वाटत नाही.

[दृश्य: लाकडी गेट, बाजूला दातेरी चाक.]

कोड्यांकडे वळू. साधं उदाहरण घ्या. साखळी ओढून जड गेट वर उचललं, सोडलं की ते खाली येतं. शेजारी दातेरी चाक फिरताना दिसतं. त्यात कुऱ्हाड मारली की चाक गोठतं आणि गेट वर अडकून राहतं. वरच्या प्रसंगातला गोठलेला ड्राउगर आठवा. नियम तोच आहे. कुऱ्हाड रुतलेली आहे तोवर बर्फ, बोलावली की संपलं. म्हणून ट्रँगल दाबण्याआधी आपण गेटच्या कोणत्या बाजूला उभे आहोत ते बघायचं. खूप जण चाक गोठवतात, पुढचा अडथळा दिसताच सवयीने कुऱ्हाड बोलावतात, आणि मागे गेट कोसळल्याचा आवाज ऐकून चकित होतात.

सर्वांत मजेदार कोडी नॉर्निर पेट्यांची. नॉर्न म्हणजे नॉर्स पुराणातल्या नियती विणणाऱ्या तिघी, म्हणून पेटीवर रून, म्हणजे जुनी नॉर्स अक्षरं, तीही तीन. काही ठिकाणी ते तीन रून आसपास लपवलेले असतात आणि शोधून फोडायचे असतात. काही ठिकाणी फिरत्या फळ्या असतात. प्रत्येक फटक्याला पुढचा रून येतो, पेटीवरच्या खुणेशी जुळवायचा. आणि काही ठिकाणी तीन घंटा. एक वाजली की वेळ सुरू होतो, आणि ठरलेल्या अवधीत तिन्ही वाजल्या पाहिजेत.

घंटांपाशी लोक अडकतात ते नेम चुकल्यामुळे कमी आणि क्रम चुकल्यामुळे जास्त. हिशेब करून बघा. पहिल्या घंटेपर्यंत कुऱ्हाड जायला लागलेला वेळ मोजला जात नाही, कारण घड्याळ सुरू होतं ती घंटा वाजल्यावर. तिसऱ्या घंटेवरून कुऱ्हाड परत येण्याचा वेळही मोजला जात नाही, तोवर काम झालेलं असतं. मधल्या घंटेचं मात्र जाणं आणि येणं, दोन्ही घड्याळात बसतं. म्हणजे सर्वांत जवळची घंटा मध्ये घ्यायची. सर्वांत लांबची, जिचा नेम धरायला वेळ लागतो, ती आधी, कारण तिथे हवा तेवढा वेळ घेऊन नेम धरता येतो. फेकण्यापूर्वी तिन्ही घंटा एकाच जागेवरून दिसतील असा कोपरा शोधायचा. नसेल तर कोणत्या वाटेने धावायचं ते एकदा चालून बघायचं. आणि ट्रँगल दाबल्यावर कुऱ्हाड हातात येईपर्यंत थांबायचं नाही. ती हवेत असतानाच एल-टू धरून नेम पुढच्या घंटेवर न्यायचा.

पेटीतून निघतं ते या कष्टांच्या मोलाचं असतं. इडुनच्या तीन सफरचंदांनी हेल्थची पट्टी वाढते, रक्तमधाच्या तीन शिंगांनी रेजची, म्हणजे क्रेटॉसच्या संतापाची. इडुन ही पुराणात देवांना तरुण ठेवणाऱ्या सफरचंदांची राखणदार.

पाती मिळाल्यावर कोड्यांत हेलचा वारा येतो. एका खोबणीतला हा चमकता वारा पात्यांनी उचलायचा आणि मर्यादित वेळात दुसऱ्या खोबणीत सोडायचा. काट्यांच्या वेली जाळायला पाती, अल्फहाइम या एल्फांच्या मुलखातले स्फटिक पेटवायला आट्रेयसचे प्रकाशबाण. आधी बंद दिसलेल्या कितीतरी वाटा यामुळे उघडतात, म्हणून नवीन हत्यार मिळालं की गेममधल्या 'लेक ऑफ नाइन' या सरोवराच्या काठाने एक फेरी मारून यावी. ओडिनचे 51 हिरवे कावळेही तेव्हाच टिपून घ्यावेत; त्यांना फक्त फेकलेली कुऱ्हाड पुरते, पण उडत्या कावळ्याच्या थोडं पुढे नेम धरावा लागतो.

[दृश्य: सिग्रुन. पंख उघडे.]

मुख्य कथेत नसलेली पण खऱ्या परीक्षेची लढाई म्हणजे नऊ वाल्किरी, पंख असलेल्या योद्ध्या. आठ जणी पाडल्यावर नववी, त्यांची राणी सिग्रुन, समोर येते, आणि तिच्याकडे बाकीच्यांचे डाव एकत्र आलेले असतात. म्हणून आठ जणींशी लढताना नुसतं जिंकू नका, कोणत्या हालचालीनंतर काय येतं ते बघून ठेवा. ती उंच उडून 'वल्हाला' असं ओरडते तेव्हा वरून झेप घेऊन तुडवणार असते. ओरडलेलं ऐकताच लोळलात तर ती वळून नेमकी तिथेच येते. ती खाली सुटेपर्यंत थांबा, मग दोनदा एक्स. दूरवर जाऊन मारा करायला लागली तर कुऱ्हाड फेकून तिला मोडता येतं, म्हणून या लढाईत कुऱ्हाड हातात हवी. वार करून ती मोकळी झाली की दोन-तीन फटके पुरे. चौथ्याचा मोह महागात पडतो. स्पार्टन रेज सुरुवातीलाच उधळू नका. रेजमधल्या ठोशांनी हेल्थ थोडी थोडी परत मिळते, म्हणून हेल्थची पट्टी निम्म्याखाली आल्यावर एल-थ्री आणि आर-थ्री एकत्र. पुनर्जीवनाचा दगड एकच बाळगता येतो, आधीच विकत घेऊन ठेवा.

[दृश्य: 'रॅग्नारोक'. क्रेटॉसच्या हातात भाला.]

9 नोव्हेंबर 2022 रोजी आलेल्या 'रॅग्नारोक'मध्ये एड्डातल्या त्या तीन वस्तूंपैकी आणखी एक हत्यार बनून आली. द्राउपनिर अंगठीतून दर नवव्या रात्री तिच्याच वजनाच्या आठ अंगठ्या गळतात, असं पुराण सांगतं. गेममध्ये तिचा भाला झाला. फेकला की क्रेटॉसच्या हातात लगेच दुसरा असतो, तो फेका, तिसरा येतो. त्यामुळे हा भाला बोलावून घ्यावा लागत नाही. इथे ट्रँगल दाबलं की शत्रूच्या अंगात रुतलेले सगळे भाले एकदम फुटतात. लेव्हायथनची सवय असलेला खेळाडू पहिला भाला फेकून लगेच ट्रँगल दाबतो आणि एकच बारीकसा स्फोट मिळवतो. चार-पाच रुतू द्या, मग दाबा.